रायरेश्वरच्या पायथ्याशी कोजागिरी: ५२ जणांच्या एका बेताची फेरआखणी

पुण्यातल्या एका गृहसंकुलातली अठरा कुटुंबे, एकूण ५२ माणसे. त्यांत बारा वर्षांखालची १४ मुले आणि पासष्टीपुढचे ९ जण. या नऊपैकी दोघांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. निमित्त कोजागिरीचे. २०२६ साली ती २५ ऑक्टोबरला, रविवारी येते. मूळ बेत असा: रविवारी दुपारी दोनला निघायचे, भोरमार्गे रायरेश्वर गाठायचे, शिडीने पठारावर चढायचे, तिथेच दूध आटवायचे, रात्री बाराला चंद्राला दाखवून प्यायचे, लगेच उतरायचे आणि पहाटे तीन-साडेतीनला घरी यायचे. सोमवारी शाळा आणि ऑफिस आहेतच.

अशा बेतांची चर्चा बहुतेक वेळा दुधात केशर किती आणि भेळ की पावभाजी याभोवती फिरते. पण रात्रीचा डोंगरावरचा कार्यक्रम पदार्थांवरून फसत नाही, वेळेवरून फसतो. म्हणून त्याची आखणी सकाळपासून पुढे न करता शेवटच्या प्रवासापासून मागे करावी: घाटातून गाडी कोण चालवणार, किती वाजता, आणि त्याआधी तो किती तास जागा असणार? या एका प्रश्नावर वरचा बेत कोसळतो.

हिशेब करून पाहू. बाराला दूध वाटायला घेतले, तर ५२ जणांचे पिऊन होईपर्यंत साडेबारा. भांडी, सतरंज्या आवरायला अर्धा तास. मग पठारावरून शिडीपर्यंत चाल, शिडी आणि खालची वाट. शिडीवरून एका वेळी एकाच दिशेने जाता येते. दिवसा, हात मोकळे असताना, माणूस ती सहज उतरतो. रात्री झोपाळलेले मूल कडेवर असेल, पायरी नीट दिसत नसेल, तर माणशी मिनिटभर धरावे लागते. म्हणजे नुसत्या शिडीला पाऊण तास, आणि तेवढा वेळ बाकीचे वरच्या अरुंद जागेत दाटीने उभे. गाड्यांपाशी शेवटचा माणूस पोचेपर्यंत अडीच वाजतात. तिथून पुणे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीचा रस्ता वळणांचा आणि अरुंद. घर पहाटे पाच-सव्वापाचला. सकाळी सातला उठलेला चालक तोवर बावीस तास जागा असतो, आणि झोप सर्वांत अनावर होते तीही याच वेळी, दोन ते पाचच्या दरम्यान. मागे बसलेले सगळे झोपलेले असतात, त्यामुळे त्याच्याशी बोलायलाही कोणी नसते. साप, कडा, मधमाश्या या सगळ्यांपेक्षा या बेतातला मोठा धोका हाच आहे.

म्हणून पहिला बदल: त्या रात्री परतायचे नाही. मुक्काम पायथ्याच्या गावात. दुसरा बदल वादाचा ठरू शकतो: सहल शनिवारी, २४ तारखेला, म्हणजे चतुर्दशीच्या रात्री करायची आणि खरी कोजागिरी रविवारी आपापल्या घरी, गच्चीत. लक्ष्मीपूजन, घरातल्या थोरल्या मुलाला ओवाळून करायची आश्विनी, हे सगळे घरचेच विधी आहेत. ते तिथीलाच व्हावेत आणि घरीच व्हावेत. डोंगरावर जायचे ते चांदण्यासाठी, आणि चांदण्याला एका दिवसाने काही होत नाही. २४ च्या रात्री चंद्रबिंब सुमारे ९७ ते ९८ टक्के उजळलेले असते. शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय डोळ्यांना फरक कळत नाही. ज्यांना तिथीशी तडजोड नको, त्यांनी रविवारीच जावे, पण सोमवारची रजा टाकून. रविवारी जाऊन रात्रीच परत, हा पर्याय मात्र यादीतूनच काढावा.

तारीख ठरवताना पंचांगात ग्रहणही पाहून घ्यावे. २०२३ ची कोजागिरी २८ ऑक्टोबरला होती आणि त्याच रात्री एक वाजल्यानंतर खंडग्रास चंद्रग्रहण लागले. वेध पाळणाऱ्या घरांत दुधाचे काय करायचे, हा गोंधळ ऐनवेळी झाला. २०२६ मध्ये ती अडचण नाही.

चंद्र किती वाजता दिसणार

पंचांगातला चंद्रोदय मोकळ्या क्षितिजाचा असतो. डोंगराच्या पश्चिम पायथ्याच्या गावात तो उपयोगाचा नाही, कारण पूर्वेला डोंगर उभा असतो. आपल्या अक्षांशावर चंद्र जवळपास सरळ वर चढतो, तासाला चौदा अंशांच्या आसपास. आठवडाभर आधी दिवसा जागा पाहायला जाल तेव्हा हात लांब करून मूठ धरा: एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. पूर्वेकडे, किंचित उत्तरेला, डोंगराची कड क्षितिजापासून दोन मुठी वर असेल, तर चंद्र अंगणात दिसायला उदयानंतर जवळजवळ दीड तास लागणार. २४ तारखेला चंद्रोदय पाचच्या सुमारास आहे, म्हणजे साडेसहापर्यंत तो कडेवर येतो. २५ ला उदय त्यानंतर पाऊण तासाने, म्हणून अंगणात तो सव्वासातला. लहान मुलांच्या दृष्टीने चतुर्दशीचा हा आणखी एक फायदा: अंधार पडतो तेव्हा चंद्र वर आलेलाच असतो, झोप लागायच्या आत.

तीन मुठींहून उंच कड असेल तर जागा बदलावी. झाडांची गर्दीही तितकीच नडते. मंदिराचे पटांगण सुंदर असते, पण वडापिंपळाखाली चांदणे पोचत नाही.

पठार दिवसा, चांदणे पायथ्याशी

रायरेश्वर वगळायचे कारण नाही. फक्त ते दिवसा करायचे. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपासचे हे पठार, वर जंगम कुटुंबांची वस्ती आणि महादेवाचे मंदिर. शिवरायांनी १६४५ साली इथे स्वराज्याची शपथ घेतल्याचे परंपरा सांगते. मुलांना हे अंधारात दाखवण्यात काय अर्थ?

शनिवारी सकाळी साडेसहाला प्रस्थान. मोठी पन्नास आसनी बस नको. भोरच्या पुढे तिला वळायला आणि समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा मिळत नाही. सतरा आसनी तीन टेम्पो ट्रॅव्हलर घ्याव्यात, प्रत्येकीत सोळा जण, आणि उरलेल्या चौघांसाठी एक मोटार. ही मोटार रात्री अंगणाच्या तोंडाशी, तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवायची. तीच तातडीची गाडी, आणि तिचा चालक त्या रात्री लवकर झोपणाऱ्यांपैकी हवा. गाडी लागणाऱ्या मुलांना पुढच्या बाजूला बसवावे, गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यावी. भोरला पोटभर मिसळ खाऊन घाटाला लागण्यापेक्षा पोहे-उपमा हलका. ही सूचना कोणी ऐकत नाही, म्हणून गाडीत कागदी पिशव्या पुरेशा ठेवाव्यात.

दहाला गावात सामान उतरवून, चढू शकणारे तीसेक जण साडेदहाला गाडीने शिडीखालच्या खिंडीकडे निघतात. बाकीचे गावात थांबतात. ते शिक्षा झाल्यासारखे बसू नयेत म्हणून त्यांच्यासाठी आंबवड्याचा झुलता पूल आणि नागेश्वराचे मंदिर ठेवावे. चालणे फार नाही. चढणाऱ्यांपैकी दोन अनुभवी माणसे शिडीच्या वर आणि खाली, एकेक. मुलामागे मोठा माणूस चढताना, मुलापुढे मोठा माणूस उतरताना. म्हणजे दोन्ही वेळा मोठा माणूस खालच्या बाजूला. वरच्या कुटुंबाला पिठलं-भाकरीचा आकडा दोन दिवस आधी सांगावा. तिथे प्रत्येक जिन्नस खालून डोक्यावर जातो. ऐनवेळी तीस पाने मागणे अन्यायाचे आहे.

उतरायला तीन वाजता सुरुवात करायची, मग वर कितीही छान वाटत असो. सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे आहे, त्यामुळे घाई कशाला, असे वाटेल. कारण सूर्य नव्हे, ढग आहेत. मोसमी पाऊस देशातून साधारण १५ ऑक्टोबरपर्यंत माघार घेतो, पण त्यानंतरही सह्याद्रीत दुपारनंतर ढग उभे राहतात आणि तासाभरात विजांसह कोसळतात. उघडे पठार आणि लोखंडी शिडी, दोन्ही ठिकाणे त्या वेळी वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, पण वर नेटवर्कचा भरवसा नाही. साधा नियम पाळावा: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर शिडीकडे जायचे नाही, वस्तीतल्या पक्क्या घरात थांबायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. दुपारी एकलाच फुलकोबीसारखे ढग वाढताना दिसले, तर जेवण उरकून तेव्हाच उतरावे.

मधमाश्यांचेही इथेच सांगायला हवे. आसपासच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. धूर, तीव्र अत्तर, फटाके आणि मुलांनी मारलेला दगड यांनी ती उठतात. आग्या माश्या चांदण्या रात्रीही बाहेर पडतात आणि दिव्याकडे येतात, हे अनेकांना माहीत नसते. पठारावर रात्री शेगडी पेटवून वर प्रखर दिवा लावायचा मूळ बेत त्या दृष्टीनेही वाईटच होता. राखीव वनात विस्तव पेटवण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मनाई आहे, ती वेगळीच. जागा वनखात्याची, गावाची की खासगी, हे ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय कुठेही चूल मांडू नये.

दुधाचे गणित

माणशी दीडशे मिलिलिटर धरले तर ५२ जणांना ७.८ लिटर आटीव दूध लागते. सांडणे आणि दुसऱ्यांदा मागणारे धरून साडेआठ. त्यासाठी बारा लिटर कच्चे दूध. म्हशीचे असेल तर चौथा हिस्सा आटला की पुरते. गायीचे असेल तर तेवढ्याने दाटपणा येत नाही, थोडे आणखी आटवावे लागते आणि दूध तेरा-साडेतेरा लिटर घ्यावे.

आता मूळ बेतातली चूक. पठारावर घरगुती शेगडी नेऊन ‘नऊला ठेवू, दहाला होईल’ असे धरले होते. बारा लिटर दूध उकळीला आणायचे आणि त्यातले सव्वातीन लिटर पाणी उडवायचे, तर सुमारे साडेअकरा मेगाज्यूल उष्णता दुधात जावी लागते. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण पावणेदोनशे ग्रॅम गॅस जाळतो. उघड्यावर वाऱ्यात त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. हिशेब साडेतीन तासांवर जातो. उंचीमुळे पाणी ९५-९६ अंशांना उकळते, पण त्याने दूध आटायला फारसा फरक पडत नाही, दोष वाऱ्याचा. भरलेली घरगुती टाकी तीस किलोंच्या घरात असते. ती शिडीवरून नेणे, आणि त्याआधी माणसे भरलेल्या गाडीतून नेणे, दोन्ही चूक.

पायथ्याच्या गावात यजमानांच्या पडवीत, आडोशाला, दोन बर्नरवर दोन पातेल्यांत सहा-सहा लिटर ठेवले तर हेच काम सव्वा तासात होते. पातेली दहा लिटरांची हवीत. सहा लिटरला आठ लिटरचे घेतले की पहिल्याच उकळीला दूध शेगडीवर. चुलीवर करायचे असेल तर जाड बुडाचे पातेले, बारीक सुकी लाकडे आणि जाळ ओढून घेणारा एक माणूस सतत जवळ. उलथन्याने बूड खरवडत राहावे. तरीही करपल्याचा वास आलाच, तर ढवळणे तत्काळ थांबवून वरचे दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतावे. बूड खरवडले की वास सगळ्या दुधात उतरतो आणि मग वेलची त्याला झाकत नाही.

दूध पुण्याहून नेऊ नये. सकाळी सहाला घेतलेल्या पिशव्या ऑक्टोबरच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिल्या की संध्याकाळी पहिल्या उकळीला फाटतात. गावातल्या डेअरीत संध्याकाळचे संकलन असते. आठवडाभर आधी बारा लिटर सांगून ठेवावे. दूध दोन-तीन घरांचे असेल तर एकत्र ओतण्याआधी प्रत्येक कॅनमधले डावभर दूध छोट्या भांड्यात उकळून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि एका आंबूस कॅनमुळे बारा लिटर फाटणे त्याने टळते. भेळेची चिंच-गुळाची चटणी दुधापासून लांब, वेगळ्या टेबलावर. चटणीचा डाव दुधात गेल्याने आटलेले दूध नासल्याची उदाहरणे गमतीची वाटतात, ज्याचे नासते त्याला वाटत नाहीत.

साखर आटल्यानंतरच घालावी; आधी घातली की बुडाला लागते. कच्च्या दुधाच्या लिटरमागे पाऊणशे ग्रॅम, म्हणजे ९०० ग्रॅम. मसाल्याला बदाम २५० ग्रॅम, पिस्ते १००, चारोळी ५०, वेलची २०, केशर एक ग्रॅम, जायफळ अर्धे. जायफळ याहून जास्त नको, दूध कडवट होते. सुकामेवा किंचित भाजून पूर्ण गार झाल्यावरच, थांबून थांबून वाटावा. गरम असताना वाटला की बदामाला तेल सुटते आणि मसाल्याचे गोळे दुधात तरंगतात. मधुमेह असलेल्यांसाठी साखर घालण्याआधी, आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी मसाला घालण्याआधी दूध वेगळे काढावे. त्याला वेगळा डाव, भांड्यावर नाव लिहिलेली चिकटपट्टी. अंधारात ‘ते तिकडचं पातेलं’ कोणाला कळत नाही.

चंद्रप्रकाशात दूध वीस मिनिटे ठेवले की रीत पाळली जाते. वर मलमलचे स्वच्छ कापड बांधावे आणि त्या वेळी सगळे दिवे बंद करावेत: चांदणेही दिसते आणि किडेही दुधात पडत नाहीत. रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी प्यायचा आग्रह कोणी धरला तर त्याला ठाम नकार द्यावा. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. उरलेले दोन तासांच्या आत यजमानांच्या फ्रीजमध्ये, नाहीतर गुरांच्या आंबोणात.

रात्र

शेगडी आठला. लहान मुलांचे दोन लिटर त्यातून सव्वाआठलाच, नुसती उकळी आल्यावर काढायचे; मसाला-साखर घालून कोमट करून पावणेनऊला त्यांना द्यायचे. बारापर्यंत जागवलेली मुले दूध पीत नाहीत, रडतात. मोठ्यांचे दूध साडेनऊपर्यंत तयार, दहाच्या आधी चांदण्यात, सव्वादहाला पेल्यात. ध्वनिक्षेपक दहाला बंद. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो लावता येत नाही, खास सवलतीचे दिवस सोडून. त्यानंतर भेंड्या, भजन, टाळ्यांवरचा गरबा. एरवी माईकपुढे न येणारी आजी अशा वेळी भोंडल्याची गाणी म्हणते, म्हणून हा नियम कार्यक्रमाच्या पथ्यावरच पडतो. तिन्ही चालकांना जेवण साडेआठला, झोपायची जागा अंगणापासून दूर आणि अंधारी.

दव दहानंतर पडू लागते. खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी. नुसती सतरंजी अकरापर्यंत ओलीचिंब होते. ज्येष्ठांना खुर्च्या आणि कानटोप्या. दरीच्या तळाशी गार हवा साचते, त्यामुळे पायथा उतारावरच्या वस्तीपेक्षा थंड लागू शकतो.

हे दिवस भातकापणीचे आहेत. खाचरांत उंदीर, उंदरांमागे घोणस. दगडांच्या बांधावर फुरसे. अंगण ते संडास या वाटेवर सौरदिवे किंवा कंदील ओळीने ठेवावेत, प्रत्येकाच्या हातात विजेरी आणि पायात बंद बूट. दगडावर, पेंढ्यांवर बसायचे नाही. साप चावलाच, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही नको. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर तीच मोटार घेऊन निघायचे. भोरच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस उपलब्ध आहे का, हे शुक्रवारीच फोन करून विचारावे. गावात मोबाइलची रेंज नेमकी कुठे मिळते, ती जागा पाहणीच्या दिवशीच ठरवून सगळ्यांना दाखवावी.

यजमान या आठवड्यात पहाटेपासून शेतात असतात, हे निमंत्रण देताना पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही. गाड्या खाचराच्या बांधावर लावू नयेत, मळणीच्या खळ्यावर मुलांना खेळू देऊ नये. स्वयंपाकाला गावातल्या बायका येणार असतील तर त्यांची मजुरी कापणीच्या दिवसाच्या मजुरीइतकी तरी हवी, नाहीतर त्यांनी शेत सोडून का यावे? पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार. संडास ५२ जणांना किमान तीन. दोनच असतील तर शाळेची चावी ग्रामपंचायतीकडून आधी मिळवावी. पाऊस आला तर मंदिराचा सभामंडप मिळेल का, तिथे त्या रात्री भजन तर नाही ना, हेही त्याच भेटीत.

कागदी पेले नकोत. गावात त्यांची विल्हेवाट म्हणजे मागच्या ओढ्याच्या काठी जाळणे. साठ स्टीलचे पेले भाड्याने मिळतात, आणि धुवायला राख व दोन बादल्या पुरतात. रविवारी सकाळी आठला पेले मोजायचे, ताडपत्र्या उन्हात टाकायच्या, कचऱ्याच्या गोण्या गाडीत चढवायच्या आणि यजमानांचा हिशेब तिथेच रोख किंवा यूपीआयने चुकता करायचा. नऊला निघाले की साडेबारापर्यंत घर, आणि संध्याकाळच्या दुधासाठी केशर थोडे शिल्लक ठेवलेले असावे.